साताऱ्यात रोजच्या वापरासाठी कोणती छोटी गाडी घ्यावी, पेट्रोल की सीएनजी?

तुम्ही लिहिलंय की घर शाहूपुरीत, नोकरी कोरेगावला, रोजचं जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर. महिन्यातून दोनदा आई-वडील, बायको आणि मुलीला घेऊन बामणोलीकडच्या गावी जाणं. बजेट ऑन-रोड आठ लाख आणि ही पहिलीच गाडी.

मी गोडोलीत राहतो. २०१९ च्या दसऱ्याला १.२ लिटरची पेट्रोल वॅगन आर घेतली, तिचे आता ८६ हजार किलोमीटर झालेत. तुमचा प्रश्न वाचताना मी बामणोलीपाशी थांबलो. कोरेगावचा रस्ता कुठलीही गाडी आरामात काढते. खरी परीक्षा बामणोलीला कासमार्गे जाताना लागणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात, तीही पाच माणसं, सामान आणि एसी चालू असताना.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला हायवेच्या सर्व्हिस रोडवर तीन किलोमीटर फिरवून आणतात. गाडीत तुम्ही आणि त्यांचा माणूस, दोघंच. अशा वेळी प्रत्येक गाडी पळतेच. मी हट्टच धरला की घरच्यांना घेऊन घाटात नेणार. तिथला पोरगा आधी कां-कू करत होता, मग रविवारी सकाळी गाडी घेऊन आमच्या दारात आला. पहिल्यांदा लहान इंजिनची गाडी नेली. समर्थ मंदिराचा चढ ठीक गेला. बोगद्याच्या अलीकडून घाटाला लागलो आणि एका वळणावर समोरून एसटी आली. थांबावं लागलं. परत उचलताना पहिल्या गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी मात्र इंच इंच सरकत होती. मागे बसलेले वडील म्हणाले, "एसी बंद कर रे जरा." बंद केल्यावर निघाली. पुढच्या रविवारी त्याच वळणावर मुद्दाम थांबून १.२ ची गाडी उचलून पाहिली. एसी बंद करायची वेळ आली नाही. माझा निर्णय तिथंच झाला.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे की १.२ लिटरच्या खाली उतरू नका. टियागो, स्विफ्ट, ग्रँड आय टेन निऑस आणि वॅगन आरचं मोठं इंजिन, हे सगळे त्यात येतात.

आता सीएनजी. वर्षाचं रनिंग धरा १२,५०० किलोमीटर. हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९२ रुपये किलो मानू. कंपनीचे मायलेजचे आकडे बाजूला ठेवा. पेट्रोलवर लिटरला १७ आणि सीएनजीवर किलोला २५ किलोमीटर धरले तर किलोमीटरला साधारण सहा रुपये वीस पैसे विरुद्ध तीन रुपये सत्तर पैसे. म्हणजे अडीच रुपयांचा फरक, वर्षाला एकतीस हजार. सीएनजी मॉडेलला ९०-९५ हजार जास्त मोजलेत तर ते तीन वर्षांत वसूल होतात. तुमच्या रनिंगला सीएनजी परवडतं. माझं रनिंग तेव्हा दिवसाला १२-१४ किलोमीटर होतं, मला पैसे वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं लागली असती, म्हणून मी पेट्रोल घेतली. भाव बदलले की याच रीतीनं पुन्हा मांडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

पण सीएनजीवर ताकद कमी होते, आणि हे घाटात कळतं. वॅगन आरला कंपनीचं सीएनजी १.० लिटरच्या इंजिनलाच येतं. पेट्रोलवर त्याची ताकद ६७ पीएस, गॅसवर ५७. पाच माणसं घेऊन कासचा रस्ता चढायला मी ती घेणार नाही. टियागोचं इंजिन १.२ चं असल्यामुळे गॅसवरही सत्तरच्या वर पीएस मिळतात. शिवाय २०२३ पासून तिच्यात एका मोठ्या टाकीऐवजी ३०-३० लिटरच्या दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवतात, त्यामुळे वर सामानाला जागा राहते. गावाकडून येताना तांदूळ-नाचणी आणणार असाल तर हे फार उपयोगी आहे. एक टाकी आडवी बसवलेल्या गाडीत पोतं शेवटी आईच्या पायाशी येतं, हे मी मेहुण्याच्या गाडीत दर दिवाळीला बघतो. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करून घ्यायची हेही लक्षात ठेवा. आणि घाटाला लागण्याआधी गाडी पेट्रोलवर घ्या. गावाच्या फेरीला चार लिटर जास्त जाऊ द्यात, इंजिन आणि तुम्ही दोघंही सुखी राहाल.

ऑटोमॅटिक विचारलं नाहीत, तरी थोडक्यात: एएमटी, म्हणजे छोट्या गाड्यांत मिळणारं स्वस्तातलं ऑटोमॅटिक, पोवई नाक्याच्या गर्दीत बरी वाटते, पण ओव्हरटेकला क्षणभर विचार करते. पहिल्या गाडीला मॅन्युअलच घ्या.

सुरक्षेबद्दल माझ्या स्वतःच्या गाडीची बाजू घेणार नाही. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आपटवून त्यांना पाचपैकी तारे देते. तिच्या चाचणीत टियागोला २०२० मध्ये ४ तारे मिळाले, वॅगन आरला २०२३ मध्ये १. आज गाडी घेताना मी हे आधी बघितलं असतं. एअरबॅग कितीही असोत, मागे बसणाऱ्या आई-वडिलांनाही बेल्ट लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

किमतीचं सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. त्यामुळे त्याआधीचं कोटेशन किंवा ओळखीच्यांनी सांगितलेली जुनी किंमत धरू नका. कोटेशन ओळ न् ओळ वाचा. माझ्या कोटेशनमध्ये "हँडलिंग चार्जेस" म्हणून साडेसहा हजार टाकले होते. हे कशाचे, असं लेखी मागितल्यावर त्यांनी ते गपचूप काढून टाकले. इन्शुरन्सही शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. मी बाहेरून तेवढ्याच कव्हरचा, झीरो डेप्रिसिएशनसकट (क्लेमच्या वेळी पार्टच्या झिजेचे पैसे कापत नाहीत तो), काढला आणि नऊ हजार वाचले. आठ लाखांच्या गाडीत हे पैसे छोटे वाटतात, पण मॅट, सीट कव्हर आणि पहिल्या काही आठवड्यांचं पेट्रोल त्यातच बसतं.

व्हेरिएंट निवडताना मोठ्या स्क्रीनला आणि अलॉय व्हीलला भुलू नका. मागच्या काचेला वायपर आणि डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या गरम तारा) असलेलं मॉडेल घ्या. जुलैत कासच्या पठारावर धुकं उतरतं तेव्हा बोनेटच्या पुढचं दिसत नाही, आणि मागची काच तर चिखलानं बंदच होते. एकदा पेट्रीच्या पुढे मी गाडी कडेला घेऊन रुमालानं मागची काच पुसत उभा होतो, अंगावर सरळ पाऊस. माझ्या मॉडेलला वायपर आहे, पण त्याचं रबर फाटलं होतं आणि मी "बदलू नंतर" म्हणत दोन महिने काढले होते. आता दर वर्षी मेच्या अखेरीस तिन्ही रबरं बदलतो.

गाडी ताब्यात घेण्याआधी, पासिंग व्हायच्या आतच, दिवसाउजेडी यार्डात जाऊन बघा. टायरवर चार आकडे असतात, २३२५ असेल तर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायर आणि स्टेपनी जवळपासच्या तारखांचे हवेत.

चालवायचं म्हणाल तर माझी एक चूक तुम्ही करू नका. चढावर थांबलो की मी गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायचो, हँडब्रेक ओढायचा कंटाळा. ६२ हजारालाच क्लच प्लेट गेली, बिल साडेआठ हजार. मेकॅनिकनं जुनी प्लेट हातात दिली, कडा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून राजवाड्याच्या चढालाही हँडब्रेक. उतरताना, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर खाली येईपर्यंत जळका वास येतो आणि ब्रेक दबतो पण धरत नाही.

शाहूपुरीत गाडी उघड्यावर लागणार असेल तर उंदरांचं बघा. पावसाळ्यात ते गरम इंजिनपाशी येतात आणि वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघायचं.

तुमच्या जागी मी असतो तर टियागो सीएनजी मॅन्युअल, वायपर-डिफॉगरवाली, आधी यवतेश्वरला नेऊन पाहिली असती. आई-वडिलांना मागे बसवा, एसी चालू ठेवा, मधल्या वळणावर पूर्ण थांबा आणि परत उचला, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर. गॅसवर जड वाटली तरी चिंता नाही, गावी जाताना बटण दाबून पेट्रोलवर घेता येतं. पेट्रोलवरही मन भरलं नाही तर त्याच वळणावर स्विफ्ट आणि निऑस न्या.