आधी संपूर्ण संग्रह शफलवर लावा

आपल्याच संग्रहातली विसरलेली गाणी पुन्हा शोधायची, तर गाण्यांचा संग्रह आधी नीट वर्गवार लावून घ्यावा, असा मोह आपल्याला होईल; तो टाळा आणि आवडत्या यादीऐवजी संपूर्ण संग्रहच शफलवर, म्हणजे कोणत्याही क्रमाने, लावा, कारण विसरलेली गाणी त्या यादीत नसतातच. सांगली ते मिरज हा रोजचा प्रवास सुरुवातीला पुरेसा आहे. ओळखीचे गाणे लागेपर्यंत पुढे ढकलत राहणे ही नवख्यांची नेहमीची चूक. किमान पहिला अंतरा येईपर्यंत थांबा. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ आली, तरी काही बिघडले असे समजू नका: खऱ्या यादृच्छिक क्रमात असे घडतेच, आणि श्रोत्यांना ते खटकते म्हणूनच ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्स या आपल्या संगीत ॲपला ‘स्मार्ट शफल’ची (अशी लागोपाठची गाणी कमी करता येण्याची सोय) जोड दिली. मात्र शास्त्रीय गायनातला बडा ख्याल (संथ, विलंबित भाग) आणि त्यामागून येणारा छोटा ख्याल (जलद भाग) वेगवेगळ्या फाइलींत असतील, तर त्या शफलमधून वगळा. विलंबितामागून थेट लावणी लागली, तर (निदान मिरजेत तरी) ते कोणी खपवून घेणार नाही. सापडलेल्या गाण्यांची नावे तेवढी टिपून ठेवा. वर्गीकरणाचे नंतर पाहू.