जुनी गाडी घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्यात एका एजंटाकडे २०१८ ची पेट्रोल गाडी पाहिली. रनिंग ४१ हजार, आतून चकचकीत, भाव बाजारापेक्षा पन्नास हजारांनी कमी. आम्ही २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेत, त्यामुळे शंका येते. बुडालेली गाडी ओळखायची कशी? (वाचक, सांगली)

उत्तर : शंका रास्त आहे. पुरातली गाडी धुऊन, सीट कव्हर आणि मॅट बदलून बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात विकायला काढतात. म्हणून चकचकीत भाग सोडा आणि धुणाऱ्याचा हात जिथे पोचत नाही तिथे बघा.

सुरुवात सीट बेल्टपासून करा. पुढचे दोन्ही बेल्ट पार शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोजच्या वापरात पट्टा थोडाच बाहेर येतो, उरलेला रिळात गुंडाळलेला राहतो. त्या भागावर आडवी मातकट रेघ दिसली किंवा बोट फिरवल्यावर गाळाची भुकटी हाताला लागली, तर तिथूनच परत फिरा. बेल्ट कोरे करकरीत असतील तर ते का बदलले ते विचारा. मग सीट पुढे-मागे सरकवून खालचे रूळ आणि बोल्ट टॉर्चने बघा. डिकीतली मॅट उचला, स्टेपनी काढा. तिच्या खड्ड्याच्या कोपऱ्यांत गाळ साचून राहतो. डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समधल्या पिना हिरवट पडल्या असतील तर पाणी तिथवर चढलेलं आहे. काचा लावून गाडी पंधरा मिनिटं उन्हात ठेवा आणि मग ब्लोअर सुरू करा. कुबट वास लगेच कळतो. गाडीत परफ्यूमचा मारा केलेला असेल तर तो काढून ठेवून हीच चाचणी पुन्हा घ्या.

एवढा खटाटोप कशासाठी? इंजिन खोलून दुरुस्त होतं, पण वायरिंगच्या जोडांतला गंज गाडी वाळल्यावरही वाढत राहतो. एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा तर बऱ्याच गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, फरशीलगत असतो, म्हणजे पाण्यात आधी तोच जातो. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. मुळात लागतच नसेल तर दिवाच निकामी केल्याचा संशय घ्या. हे जास्त वाईट.

आता कागद. मागच्या सगळ्या विमा पॉलिसी मागा आणि त्यांतला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) वाचा. क्लेम नसेल तर तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. २०२१ च्या पावसाळ्यानंतरच्या नूतनीकरणात तो एकदम शून्यावर आला असेल तर बहुधा त्या वर्षी क्लेम झालेला असतो, किंवा मालक बदललेला असतो. आरसीवर पहिलाच मालक असेल तर दुसरी शक्यता उरत नाही. मग क्लेम झाला होता का आणि कशाचा, ते विचारा.

४१ हजारांचं रनिंगही पडताळा. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२० म्हणजे २०२० चा ३२ वा आठवडा. चारही टायर त्या सुमाराचे असतील तर कंपनीचे टायर दोन वर्षांतच संपले, म्हणजे तेव्हाच गाडी चाळीस हजारांच्या आसपास गेली असणार. मग आज ४१ हजार कसे? अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिस हिस्ट्री काढायला मालकाला सांगा. तिथे प्रत्येक भेटीचं रीडिंग नोंदलेलं असतं. हे सगळं झाल्यावरच इसार द्या.

प्रश्न : दिल्ली पासिंगची नऊ वर्षांची डिझेल गाडी लाखभराने स्वस्त मिळतेय. घ्यावी का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या तिथे स्वस्तात निघतात. पण महाराष्ट्रात एमएच नंबर घेताना गाडीच्या वयानुसार इथला कर पुन्हा भरावा लागतो, आणि डिझेल गाडीवरच्या कराचा दर पेट्रोल गाडीपेक्षा जास्त आहे. कर, एजंटाचा खर्च, वाहतूक असं सगळं मांडून बघा. लाखाचा फायदा बराच आटतो. तरीही घ्यायचीच असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र, फॉर्म २८) हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. एनओसी कोणत्या आरटीओसाठी आहे ते त्यावर लिहिलेलं असतं, तिथे तुमचंच आरटीओ हवं. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा आधी उतरवून घ्या.

प्रश्न : नवी गाडी घेताना जुनी एजंटाला दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्याही केल्या. सहा महिने झाले, ई-चलन माझ्याच मोबाइलवर येतात. (वाचक, ठाणे)

उत्तर : हे तातडीने मिटवा. गाडी कुणाच्याही हातात असो, नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच प्रकरणात तसा निकाल दिला आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (फॉर्म २९). ती मुदत गेली असली तरी आता लेखी कळवून पोच घ्या, सोबत डिलिव्हरी नोटची (गाडी ताब्यात दिल्याच्या सहीच्या कागदाची) प्रत जोडा. एजंटाला फॉर्म ३० भरून ट्रान्स्फर करून देण्यासाठी लेखी मुदत द्या. डिलिव्हरी नोट केलीच नसेल तर पैसे जमा झाल्याचा बँकेचा उतारा आणि एजंटाशी झालेले मेसेज जपून ठेवा, आणि ज्या तारखांना गाडी तुमच्या ताब्यात नव्हती त्या तारखांच्या चलनांवर वाहतूक पोलिसांकडे तक्रार नोंदवा.