परदेशी कार्डावर पबमध्ये फुटबॉल : वकिलाची नोटीस आली, आता काय करायचं?

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे. गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्स भागात भाडेपट्ट्यावर पब चालवतो. पबचा कारभार कंपनीच्या नावावर आहे, दोघंही डायरेक्टर आहोत. दारूविक्रीचं पर्सनल लायसन्स मिस्टरांचं आहे. गेल्या वर्षी एक माणूस आला. त्याने छपरावर मोठी डिश बसवली, युरोपातल्या एका देशाच्या वाहिनीचं कार्ड दिलं, वर्षाचे पैसे घेतले आणि पावतीही दिली. ‘युरोपच्या कोर्टाने हे कायदेशीर ठरवलंय, पोर्ट्समथची पबवाली बाई जिंकली,’ असं सांगून त्याने बातमीचं कात्रण दाखवलं. तेव्हापासून शनिवारी दुपारी तीनच्या सामन्याला पब भरू लागला. आता सामन्यांच्या प्रसारणाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या हक्कधारकांच्या वकिलांचं पत्र आलंय. त्यांचा माणूस गिऱ्हाईक म्हणून येऊन व्हिडिओ काढून गेला होता. सामने बंद करा, सोबतच्या हमीपत्रावर सही करा, नुकसानभरपाई आणि खर्च द्या, नाहीतर कोर्टात जाऊ, असं ते म्हणतात. आम्ही पैसे भरले होते, चोरी केलेली नाही. ती बाई सुटली, मग आम्ही का नाही? परवाना जाईल का? भाचा म्हणतो, डिश उतरवा आणि इंटरनेटवर चालणारा बॉक्स लावा. मिस्टर म्हणतात, उत्तरच देऊ नका.

उत्तर : ताई, नमस्कार. आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. ते कार्ड डिशच्या बॉक्समधून काढा आणि येत्या शनिवारी सामना लावू नका. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू द्या. पत्र हातात पडेपर्यंत ‘आम्हाला हे ठाऊक नव्हतं’ असं तुम्ही खरेपणाने म्हणू शकत होतात. पत्र वाचल्यानंतर दाखवलेल्या सामन्याबद्दल ते म्हणता येणार नाही. मात्र कार्ड, बॉक्स, पावती, ते कात्रण, त्या माणसाचे व्हॉट्सॲपवरचे संदेश यातलं काहीही फेकू किंवा पुसू नका. ते पुढे तुमच्याच उपयोगी पडणार आहे.

आता त्या बाईंबद्दल. विक्रेत्याने सांगितलं ते घडलेलं आहे, फक्त त्याने पुढचं सांगितलं नाही. कॅरन मर्फी या पोर्ट्समथच्या साउथसी भागात ‘रेड, व्हाइट अँड ब्लू’ नावाचा पब चालवत. सामने दाखवणाऱ्या ‘स्काय’ या ब्रिटिश टीव्ही कंपनीचं पबसाठीचं वर्गणीचं बिल त्यांना परवडेना. त्या काळच्या बातम्यांप्रमाणे स्कायला महिन्याला सुमारे ७०० पौंड लागत, तर ‘नोव्हा’ या ग्रीक वाहिनीच्या कार्डाला वर्षाला सुमारे ८०० पौंड. त्यांनी ग्रीक कार्ड घेतलं. १९८८ च्या कॉपीराइट, डिझाइन्स अँड पेटंट्स ॲक्टच्या कलम २९७ खाली त्यांच्यावर खटला भरला गेला. पैसे चुकवण्याच्या इराद्याने, अप्रामाणिकपणे प्रसारण घेणं हा त्या कलमाखालचा गुन्हा. त्या दोषी ठरल्या. दंड आणि खर्च मिळून ८,००० पौंडांचा भुर्दंड पडला.

बाई गप्प बसल्या नाहीत. प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात. ४ ऑक्टोबर २०११ ला निकाल आला. परदेशी कार्ड आणण्या-वापरण्यावर बंदी घालणारा देशांतर्गत कायदा युरोपीय संघातल्या सेवांच्या मुक्त व्यवहाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे आणि ‘तुमच्या देशाबाहेर कार्ड देऊ नका’ असं वाहिनीला बांधून टाकणारा करार स्पर्धा कायद्याच्या विरुद्ध आहे, असं न्यायालयाने म्हटलं. हक्कधारकाला योग्य मोबदला मिळाला पाहिजे, पण देशादेशांत बाजार तोडून जास्तीत जास्त रक्कम वसूल करण्याची हमी कायदा देत नाही, हेही सांगितलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये हायकोर्टाने मर्फीबाईंची दोषसिद्धी रद्द केली. एका छोट्या पबच्या मालकिणीने एवढ्या मोठ्या व्यवस्थेला कोर्टात उत्तर द्यायला लावलं, याचं मला आजही मोल वाटतं.

पण ताई, त्याच निकालाच्या दुसऱ्या भागाकडे बहुतेक पबमालकांचं लक्ष गेलं नाही. फुटबॉलचा सामना ही स्वतः कॉपीराइट मिळण्याजोगी कलाकृती नाही, असं न्यायालयाने मान्य केलं. परंतु प्रसारणाच्या सुरुवातीची चित्रफीत, प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचं गीत, आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेली क्षणचित्रं, पडद्यावरचे ग्राफिक्स यांना कॉपीराइट आहे. ते पबमधल्या गिऱ्हाइकांना दाखवणं म्हणजे जनतेपुढे सादर करणं, आणि त्याला हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. म्हणजे मर्फीबाई फौजदारी आरोपातून सुटल्या. पबमध्ये दाखवण्याचा हक्क मात्र त्या निकालाने कुणाला दिला नाही.

त्यानंतरही पबमालकांना एक फट उरली होती. प्रवेशशुल्क न घेता प्रसारण दाखवलं, तर त्यातल्या ‘फिल्म’च्या, म्हणजे ध्वनिचित्रमुद्रणाच्या, कॉपीराइटचा भंग होत नाही, अशी सवलत त्याच कायद्याच्या कलम ७२ मध्ये होती. मर्फीबाईंच्या खटल्यासोबत कार्डविक्रेत्यांचा एक दिवाणी खटलाही चालला होता. त्यात २०१२ मध्ये इथल्या कोर्टांनी ही सवलत मान्य केली. सरकारने जून २०१६ मध्ये कलम ७२ बदललं आणि ‘फिल्म’ त्यातून वगळली. त्याच वर्षी स्वॉन्झीमधल्या एका पबमालकाचं अपील फेटाळलं गेलं. तो घरगुती वापराचं परदेशी कार्ड पबमध्ये लावत असे.

आणि शेवटचा आधार ब्रेक्झिटने काढून घेतला. मर्फीबाईंचा सगळा बचाव ब्रिटन युरोपीय संघाच्या एकाच बाजारपेठेत आहे यावर उभा होता. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन त्या बाजारपेठेत नाही. सेवांच्या मुक्त व्यवहाराचा तो हक्क सांगून आज इंग्लंडमधल्या पबला सुटता येत नाही. तुमच्या विक्रेत्याने गेल्या वर्षी दाखवलेलं कात्रण दहा वर्षांहून जुन्या बातमीचं होतं, आणि मधल्या काळात काय काय बदललं हे त्याने तुम्हाला सांगायला हवं होतं.

‘आम्ही पैसे भरले होते’ हे तुमचं म्हणणं मला कळतं. आपल्याकडे हॉटेलात घरगुती गॅसचं लाल सिलिंडर सापडलं, तर मालक ‘मी पैसे देऊनच आणलं’ असं म्हणून सुटत नाही, कारण ते घरातल्या चुलीसाठी असतं. तसंच हे आहे. तुमचं कार्ड नीट तपासा. ते कुणाच्या नावावर काढलंय, कुठल्या पत्त्यावर, आणि वर्गणीच्या अटींमध्ये ‘फक्त घरगुती वापर’ असं लिहिलंय का? बहुधा त्या देशातल्या एखाद्या घराच्या नावावर ते काढलेलं असेल. इंग्लंडमध्येसुद्धा घरची वर्गणी पबमध्ये चालत नाही. स्कायच्या पबसाठीच्या प्रसारणात पडद्याच्या कोपऱ्यात बिअरच्या ग्लासचं छोटं चिन्ह दिसतं. तपासायला येणारी माणसं आधी तेच शोधतात.

तुमच्या बाबतीत गाडं अडतं ते शनिवारच्या तीनच्या सामन्यावर. शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ या वेळेत इंग्लंडमध्ये थेट फुटबॉल दाखवायचा नाही, असा इथला जुना नियम आहे. त्याची सुरुवात १९६० च्या दशकात झाली. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी त्याचा आग्रह धरला होता. लोक घरी बसून मोठे सामने पाहू लागले, तर खालच्या श्रेणीतल्या क्लबांची मैदानं ओस पडतील, ही त्यामागची भीती. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या नियमात राष्ट्रीय संघटनेला अशी वेळ राखून ठेवता येते. परदेशात मात्र हेच सामने थेट दिसतात, म्हणून तर ही परदेशी कार्डं खपतात. प्रीमियर लीगच्या २०२५-२६ पासूनच्या चार वर्षांच्या करारात स्कायकडे हंगामाला किमान २१५ आणि टीएनटी स्पोर्ट्सकडे ५२ सामने आहेत. हंगामातल्या एकूण ३८० सामन्यांतले बाकीचे इथे थेट कुणीच दाखवत नाही. त्यामुळे तीन वाजताचा सामना कायदेशीरपणे दाखवायचा मार्ग तुमच्याकडे पैसे असूनही नाही. मला स्वतःला हा नियम आजच्या काळात पटत नाही. ज्याला घरी बसून बघायचंच आहे, तो दुसऱ्या वाटेने बघतो आणि नोटीस येते ती पबवाल्याला. पण नियम पटत नाही हा कोर्टात बचाव होत नाही.

आता परवान्याचं. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात गंभीर वाटलेला भाग हा आहे, आणि मिस्टरांनी तो नीट वाचावा. तुम्हाला आलेलं पत्र दिवाणी स्वरूपाचं दिसतं. त्यावरून परवाना जात नाही. पण हक्कधारक फौजदारी खटलाही भरू शकतात. इंग्लंडमध्ये खाजगी फिर्यादीची मुभा आहे, आणि मर्फीबाईंवरचा खटलाही सरकारने भरलेला नव्हता, एका खाजगी कंपनीने भरला होता.  कलम २९७ चा गुन्हा २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टच्या चौथ्या परिशिष्टात, म्हणजे पर्सनल लायसन्सवर परिणाम करणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत आहे. त्यामुळे मिस्टरांवर असा आरोप ठेवला गेला, तर आपल्याकडे पर्सनल लायसन्स आहे हे त्यांनी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाला पहिल्या हजेरीपर्यंत स्वतःहून सांगावं लागतं. न सांगणं हा वेगळा गुन्हा. दोषी ठरल्यास कोर्ट ते लायसन्स रद्द करू शकतं किंवा सहा महिन्यांपर्यंत निलंबित करू शकतं, आणि स्थानिक कौन्सिललाही तसा अधिकार आहे. कंपनी मध्ये आहे म्हणून तुम्ही दोघं मोकळे, असंही समजू नका. डायरेक्टरच्या संमतीने किंवा कानाडोळा केल्याने गुन्हा घडला, तर डायरेक्टरही दोषी धरला जातो.

इथेच तुमची पावती आणि ते संदेश कामाला येतात. कलम २९७ ला अप्रामाणिकपणा सिद्ध करावा लागतो. तुम्हाला खरोखर काय माहीत होतं, तुमची समजूत काय होती हे कोर्ट आधी पाहतं, आणि मग सामान्य सचोटीच्या माणसाच्या मापाने ते वागणं तोलतं. उघडपणे डिश लावली, पैसे मोजले, पावती घेतली, ‘कायदेशीर आहे’ असं आश्वासन मिळालं, हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. पत्र आल्यावरही सामने चालू ठेवले, तर ही बाजू तुम्ही स्वतःच्या हाताने घालवाल.

म्हणून उत्तर न देण्याचा मिस्टरांचा विचार मला अजिबात मान्य नाही. हक्कधारक अशा प्रकरणांत खरोखर दावे लावतात. तुम्ही हजरच झाला नाहीत तर एकतर्फी निकाल होतो. त्यात मनाईहुकूम, नुकसानभरपाई आणि समोरच्याच्या वकिलांचा खर्च येतो, आणि बहुतेक वेळा हा खर्चच मूळ भरपाईपेक्षा जड असतो. मनाईहुकूम मोडला तर तो कोर्टाचा अवमान. त्यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो.

पण घाबरून हमीपत्रावर जशीच्या तशी सहीही करू नका. असे मसुदे समोरच्याच्या सोयीने लिहिलेले असतात. तीन गोष्टी बारकाईने बघा. एक, दोष कबूल केल्याचं वाक्य त्यात आहे का. फौजदारी शक्यता डोक्यावर असताना ते तसंच जाऊ देऊ नये. दोन, हमी कंपनी देतेय की तुम्ही दोघं वैयक्तिकरीत्या. तीन, यापुढे फौजदारी कारवाई करणार नाही असं ते लिहून देतायत का. रक्कम घासाघीस करून कमी होऊ शकते, विशेषतः तुम्ही लगेच बंद केलंत, किती काळ दाखवलं ते खरं सांगितलंत आणि पबचे हिशेब पुढे ठेवलेत तर. विक्रेत्याची माहिती देण्याची तयारीही तडजोडीत उपयोगी पडते. मात्र हे बोलणं कॉपीराइटचं काम करणाऱ्या सॉलिसिटरकडून होऊ द्या, तडजोडीच्या पत्रावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ (म्हणजे यातलं बोलणं कोर्टात आमच्याविरुद्ध वापरू नये) असं लिहिलेलं असू द्या, आणि पत्रातली मुदत चुकवू नका. तोवर फक्त दोन ओळींचं उत्तर पाठवा : पत्र मिळालं, प्रदर्शन अमुक तारखेपासून बंद केलं आहे, वकिलाचा सल्ला घेऊन सविस्तर कळवतो.

विमा कंपनीलाही याच आठवड्यात कळवा. पबच्या पॉलिसीत वकिलाच्या खर्चाचं संरक्षण पुष्कळदा असतं, आणि उशीर झाला तर ते नाकारलं जातं. भाडेपट्टाही काढून वाचा. जागेत बेकायदा काही करणार नाही, अशी अट त्यात जवळजवळ नक्की असेल.

विक्रेत्यावर दिशाभुलीचा दावा करता येतो. त्याने खोटं सांगून करार करून घेतला, तर १९६७ चा मिसरिप्रेझेंटेशन ॲक्ट तुमच्या मदतीला येतो. पण तो सापडला पाहिजे आणि त्याच्याकडे पैसे असले पाहिजेत. आधी समोरचं प्रकरण मिटवा, मग वकिलाला त्या पावतीवरचं नाव आणि पत्ता तपासायला सांगा.

भाच्याला प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. डिशऐवजी इंटरनेटवरून आलं म्हणून सामना दाखवण्याची परवानगी मिळत नाही. उलट, तुमच्या कार्डामागे निदान एक खरी वर्गणी होती. त्या बॉक्सवर चोरून पुरवलेलं प्रसारण येतं आणि तिथे प्रामाणिक समजुतीचा बचाव उभाच राहत नाही. एक नोटीस खिशात असताना तर तो विचारही करू नका.

पबसाठीची अधिकृत वर्गणी महाग आहे, हे मी नाकारत नाही. स्कायचे दर जागेच्या करआकारणी मूल्यावर ठरतात, म्हणून आधी ते मूल्य बरोबर लावलंय का हे पाहा. ते चुकीचं असेल तर त्याला आव्हान देता येतं. हंगामाच्या मध्यावर करार करण्याआधी गेल्या वर्षाच्या शनिवार-रविवारच्या गल्ल्याचे आकडे समोर घेऊन बसा. फुटबॉलमुळे वाढलेली विक्री वर्गणीपेक्षा कमी असेल, तर ती वर्गणी घेऊ नका.

सॉलिसिटरकडे जाताना मूळ पत्र पाकिटासकट, हमीपत्राचा मसुदा, पावती, संदेशांच्या छापील प्रती, विम्याची पॉलिसी, भाडेपट्टा आणि मिस्टरांचं पर्सनल लायसन्स बरोबर न्या. कोणत्या कोणत्या दिवशी सामने दाखवले, त्याची यादी आजच दोघांनी बसून करा, आणि ती फक्त तुमच्या वकिलालाच द्या.