"मॅडम, ती लायब्ररीत पाऊलच ठेवत नाही"

कॉलेज सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की साताऱ्यातले पालक मला, समुपदेशक म्हणून, हटकून विचारतात, "पोरगी हुशार आहे, पण लायब्ररीचं कार्ड अजून कोरंच. मोबाइलवर आलेल्या नोट्सवर भागवते. आळशी झालीय का?" बहुतेकदा आळस नसतोच. एक हकिकत सांगते. दोघीतिघींची मिळून केली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

माण तालुक्यातली, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी.

"आत गेलीस कधी?"

"दारापर्यंत. बॅग बाहेर ठेवायची का आत न्यायची तेच कळंना. मागं फिरले."

"विचारलं असतंस तर?"

"हसले असते की."

"बरं, हसले. पुढं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पुढं... पुस्तक दिलं असतं बहुतेक." आणि स्वतःच हसली.

विवेकनिष्ठ पद्धतीनं, म्हणजे मनातली गृहीतकं तपासून बघत, काम करणाऱ्या समुपदेशकांना हे "पुढं?" विचारायची सवयच असते. भीतीचं वाक्य मनात अर्धवट राहतं म्हणून ते मोठं वाटतं. पूर्ण बोलून दाखवलं की त्यात फारसं काही उरत नाही. पण नुसतं बोलून पाय आत पडत नाहीत, त्याला निमित्त लागतं.

त्यांच्या ग्रंथालयात नवीन मुलांसाठी चिठ्ठ्यांचा खेळ होणार होता: चिठ्ठीत जे विचारलंय ते ग्रंथालयात शोधून काढायचं. ग्रंथपालांना मी एकच सुचवलं: एका चिठ्ठीचं उत्तर काउंटरवर विचारल्याशिवाय मिळूच नये. चिठ्ठी अशी झाली: "पुस्तकाचं नाव माहीत नाही, फक्त विषय माहीत आहे. कसं शोधायचं ते विचारून या." नाही तरी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवणं हे ग्रंथालयाचंच काम सांगितलंय. विचारणारा कुणाला त्रास देत नसतो.

चौघांचा गट, सहा चिठ्ठ्या, चाळीस मिनिटं. प्रत्येक गटाला चिठ्ठ्यांचा क्रम वेगळा, नाही तर सगळे एकाच कपाटापुढं गर्दी करतात. दर चिठ्ठीला बोलणारा बदलायचा. गट सहा-सातांचा केला तर दोघं शोधतात, बाकीचे मागून फिरतात.

तिचा गट अडला ५३०.१२ क्रमांकाच्या पुस्तकावर. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युई पद्धतीत ५३० म्हणजे भौतिकशास्त्र, तिथवर ठीक. पण चौघंही ५३०.४ च्या पुढं शोधत राहिले, बारा चारापेक्षा मोठे म्हणून! पॉइंटनंतर एकेक आकडा वाचायचा असतो. एक चारच्या आधी, म्हणून ५३०.१२ आधीच्या खणात. काउंटरवर जाऊन विचारायची पाळी तिची होती. ती गेली.

पुढच्या भेटीत पहिलंच वाक्य, "मॅडम, गटातल्या त्या पुण्याच्या पोरीलाबी येत नव्हतं!"

गाठ इथं सुटली. तिला पुस्तकांची भीती नव्हती, माणसांचीही फारशी नव्हती. बाकी सगळ्यांना येतं आणि आपल्यालाच येत नाही, एवढं एक गृहीतक होतं. मी ते दहा वेळा खोडलं असतं तरी तिनं मान डोलावली असती, पटलं नसतं. चौघं एकाच कपाटापुढं चुकलेली पाहिली, तेव्हा पटलं.

म्हणूनच शर्यत लावू नका असं मी प्रत्येक कॉलेजला सांगते. पहिल्या येणाऱ्याला बक्षीस ठेवलं की धीट मुलं पळतात, बुजरी मागं राहतात आणि घाईत पुस्तकं भलत्याच खणात जातात. वेगाला गुण नकोत, विचारलेल्या प्रश्नाला द्या. काढलेलं पुस्तक मुलांनी परत लावू नये, टेबलावर ठेवावं. आणि खेळ कामाच्या दिवशीच घ्या. नेहमीची माणसं काउंटरवर असली तरच ओळख पुढं टिकते.

पालकांनी "किती पुस्तकं आणलीस?" ही चौकशी थांबवावी. "आज काउंटरवर काय विचारलंस?" हे विचारावं. मात्र मूल मेसमध्ये, वर्गात, सगळीकडंच माणसं टाळत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर खेळावर विसंबू नका. समुपदेशकाकडं घेऊन या.