तुम्ही विचारलंत : ‘मी म्हणजे मी!’

प्रश्न : राजेशाहीची टर उडवणारी जुनी इटालियन कॉमेडी सुचवा ना. आणि ‘मी म्हणजे मी, आणि तुम्ही कुणीच नाही’ हा डायलॉग नेमका कुठला?

उत्तर : डोळे झाकून ‘इल मार्केझे देल ग्रिल्लो’ बघा, १९८१चा, दिग्दर्शक मारिओ मोनिचेल्ली. राजा नाहीये यात, गोष्ट ज्या काळात घडते तेव्हा रोमवर पोपचंच राज्य होतं ना, आणि त्याच्या दरबारातला हा रिकामटेकडा सरदार म्हणजे अल्बेर्तो सोर्दी, जो त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दारुड्या कोळसेवाल्याचाही रोल करतो. तुमचा डायलॉग यातलाच. खानावळीत धाड पडते, सगळ्यांना धरतात, याला मात्र ओळखून सोडतात, आणि जाता जाता हा बाकीच्यांना तो ऐकवतो (मूळ शब्द बराच अचकट आहे, इथे छापता येणार नाही!). पण ओळ सिनेमावाल्यांची नाही हं, रोमन बोलीत लिहिणारा कवी बेल्ली, त्याच्या १८३०च्या दशकातल्या सॉनेटमधली, आणि तिथे ती चक्क राजाच फर्मान काढून म्हणतो, म्हणजे तुमची राजेशाही आलीच की.

मला सगळ्यात आवडतो तो सुताराचा किस्सा. आरोने पिपेर्नो नावाचा ज्यू सुतार कामाचे पैसे मागतो, हा देत नाही, वर लाच चारून कोर्टात केसही जिंकतो. मग गावभर मयताच्या घंटा वाजवायला लावतो, पोप विचारतो कोण गेलं, तर म्हणे, न्याय मेला!

मोनिचेल्लीला यासाठी १९८२मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं सिल्व्हर बेअर पारितोषिक मिळालं. सबटायटल्स लावूनच बघा, रोमन बोली आहे.