‘मॅडम, कळलं तर?’

हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत फार वेळा विचारला जातो. पुण्याच्या कोंढव्यातला मुस्लिम इंजिनिअर विचारतो. तो फ्लॅटसाठी फोन करताना आडनाव पुटपुटतो. भटक्या-विमुक्तांच्या घरातली, पहिल्यांदाच पुस्तकाला हात लावलेली पोरं विचारतात. मणिपूरहून शिकायला आलेल्या मुलीला लपवायची सोयच नसते, चेहराच सांगतो. ती विचारते, ‘सिनेमात पाहिलेलं सोडून आमच्याबद्दल यांना काही माहीत आहे का?’

आज एकीचीच गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून दोघीतिघींच्या हकिकती एकीत गुंफल्या आहेत.

नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून ती एमपीएससीचा अभ्यास करत होती. झोप येत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, ही तक्रार. मैत्रिणींनी ‘परीक्षेचं टेन्शन’ असं निदान करून पाठवलं होतं. तिसऱ्या भेटीत म्हणाली, "आम्ही पारधी, मॅडम. रूमवर कुणाला माहीत नाही." महिन्यापूर्वी अभ्यासिकेत कुणीतरी पेपरातला मथळा मोठ्यानं वाचला होता, ‘पारधी टोळी जेरबंद’. वर पुस्ती जोडली, "मोबाइल सांभाळा गं बायांनो." सगळ्या हसल्या. "मीपण हसले," ती म्हणाली. झोप गेली ती त्या रात्रीपासून.

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत मुरलेली. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा विचार माणसाला जास्त छळतो, हे माझ्या अंगात भिनलेलं. सवयीनं विचारून बसले, "सगळ्या तुला चोर समजतील, याला पुरावा काय?"

ती शांतपणे म्हणाली, "गावात कुठंही चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली आमच्या पालावर येते. चुलत्याला तीनदा उचललाय, तिन्ही वेळा सोडलाय. अजून कसला पुरावा पाहिजे?"

माझं पेन थांबलं. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही अशी चपराक अधूनमधून बसलेली बरी.

त्याच भेटीत मला तिची बॅग दिसली. म्हणजे रोजच दिसायची, त्या दिवशी लक्ष गेलं. काळी, खांद्याला लावायची, आणि चेन सताड उघडी. आतला डबा, वही, छत्री सगळं दिसत होतं. मी म्हटलं, "अगं, रिक्षात काहीतरी पडेल." तिनं मान खाली घातली. "रूममधून निघताना उघडीच ठेवते. कुणाचं काही हरवलं तर सगळ्यांनी बघितलेलं असतं ना, माझ्या बॅगेत काय होतं." खोलीत एकटी मागे राहायला लागू नये म्हणून ती रोज सगळ्यांच्या आधी बाहेर पडायची. अजून कुणाचं काही हरवलेलंही नव्हतं.

मग एक अख्खी बैठक मी इतिहासावर घालवली. समुपदेशकानं असं करू नये म्हणतात, मी करते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर लागू झाला. या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, माणसांना पोलिसांकडे हजेरी लावायला लावली. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं सोळा दिवसांनी. कायदा गेला, पण मथळे लिहिणाऱ्यांच्या हाताची सवय काही गेली नाही. तिला हे तुकड्यातुकड्यानं माहीत होतं, परीक्षेपुरतं. स्वतःच्या बॅगेशी तिनं ते कधी जोडलं नव्हतं.

तिला एक काम दिलं: आठवडाभर पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्या कापून आण. पुढच्या भेटीत तिनं टेबलावर कात्रणं मांडली. एक घरफोडीचं, मथळ्यातच जमात. शेजारी एका पतसंस्थेतल्या घोटाळ्याचं. त्यात संचालकांची नावं, हुद्दे, रकमा, सगळं छापलेलं. दोन्हींकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिचं बोट पतसंस्थेवर टेकलं.

"मॅडम, यांच्या जातीची टोळी कुठंय?"

आणि ती हसली. अभ्यासिकेत हसली होती तसं नाही. हसता हसता डोळे भरले. म्हणाली, "माझा बाप दुसऱ्याच्या उसाची राखण करतो. रात्रभर बॅटरी घेऊन फिरतो. ही बातमी कुणी छापली का कधी?"

हे वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर भाषण झालं असतं. तिचं तिला सापडू दिलं, याचं मला थोडं कौतुक वाटतं, खोटं कशाला बोलू.

माझं काय चुकत होतं ते तेव्हा उमगलं. तिची भीती खरी होती आणि मी तिच्याशीच वाद घालत बसले होते. वाद घालायला हवा होता लाजेशी. भीती पोलिसांच्या गाडीतून आली होती. ‘माझ्यातच काहीतरी खोट असेल’ ही लाज मथळ्यातून, सिनेमातल्या खलनायकांच्या वस्तीतून आली होती, आणि तिनं ती तपासल्याशिवाय घरात घेतली होती. भीतीसाठी सावधगिरी लागते. तिच्यासारखे फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे जातीवरून अपमान, छळ झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा पाठीशी आहे, हेही तिला सांगितलं.

आईवडील मला विचारतात, मुलांनी सांगावं की लपवावं? जिथं धोका आहे तिथं न सांगणं हा भित्रेपणा नाही. पण न सांगण्यासाठी रोज किती कसरत करावी लागते ते बघा. झोप, अभ्यास, मैत्री त्यात जात असेल तर एका माणसापासून सुरुवात करा, ज्याच्यावर आधी छोट्या गोष्टीत विश्वास टाकून पाहिलाय अशा. घोषणा करायची काही गरज नाही.

आणि रूममेट, शेजारी, आपण सगळे? मथळा मोठ्यानं वाचताना खोलीत कोण आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. ज्या उल्लेखानं एखाद्या जातीची बदनामी होईल तो टाळावा, असं प्रेस कौन्सिलचे संकेतच सांगतात. संपादकांना दोन ओळींचं पत्र लिहा, मी लिहिते. मोबाइलवर आलेल्या ‘टोळी फिरतेय’ छापाच्या मेसेजला तर हातच लावू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, ते मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती.

तिनं पुढे एका रूममेटला सांगितलं. तिनं मिठी मारली. दुसरीला कुठूनतरी कळलं, ती पंधरा दिवसांत दुसरीकडे राहायला गेली. कारण अभ्यासिका लांब पडते, असं सांगून. त्या रात्री झोप लागली नाही, पण दुसऱ्या रात्री लागली म्हणे.

परवा पूर्वपरीक्षा झाल्यावर भेटायला आली. बॅग खुर्चीवर ठेवली, चेन अर्धीच लागलेली. माझी नजर गेलेली तिला कळली.

"लावते हो आता," ती म्हणाली, "पण इतके महिने उघडी राहून रनर गेलाय. तुळशीबागेत बसवून देतात का कुणी?"