वाचक विचारतात: पोटात दाणे असलेली खेळणी

प्रश्न (एक वाचक, गुहागर): 'द बीनी बबल' हा चित्रपट पाहिला. त्यातल्यासारखी लुळी, मऊ खेळणी आमच्या बचत गटाला शिवायची आहेत. गेल्या वर्षी तांदूळ भरून बारा ससे शिवले. श्रावणापर्यंत निम्म्यांना कुबट वास आला, दोघांतून पोरकिडे निघाले. काय चुकलं? आणि चित्रपटात दाखवलंय ते खरंच घडलं का?

उत्तर: बरंचसं खरं आहे. टाय वॉर्नर या अमेरिकी उद्योजकानं 1986 मध्ये खेळण्यांची कंपनी काढली. 1993 मध्ये 'बीनी बेबीज' नावाचे खेळण्यातले नऊ प्राणी आणले, किंमत साधारण पाच डॉलर. मोठ्या साखळी दुकानांना माल न देता तो छोट्या दुकानांतून विकायचा आणि अधूनमधून एखादा प्राणी बंद केल्याचं जाहीर करायचा. त्यातून साठेबाजी वाढली आणि दशकाच्या अखेरीस भाव कोसळले. 2013 मध्ये त्यानं करचुकवेगिरीचा गुन्हा कबूल केला. चित्रपटातल्या तिघी स्त्रिया खऱ्या स्त्रियांवर बेतलेल्या आहेत, नावं मात्र बदललेली. गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली आहे, हेच या चित्रपटाचं बळ.

आता ससे. शिवण चुकली नाही, भरण चुकलं. तांदूळ उन्हात कडकडीत वाळवला तरी कापडातून आत येणारा पावसाळी दमटपणा तो ओढून घेतो आणि बुरशी धरते. पोरकिड्याची अंडी तर दाण्याच्या आतच असतात, ती वरून दिसत नाहीत. मूग, चिंचोके यांचंही तेच. मूळ बीनी खेळण्यांतही धान्य नव्हतं, प्लास्टिकचे दाणे होते. आधी पीव्हीसीचे, पुढे पॉलिथिलीनचे. तुम्ही पॉलिथिलीनचे नवे, बिनवासाचे दाणे घ्या. भंगारातून पुन्हा वितळवलेले नकोत.

दाणे थेट फरच्या कापडात ओतू नका. मांजरपाटाची आतली पिशवी शिवा, टीप बारीक आणि दोनदा मारा. वीतभर सशाला 80 ते 100 ग्रॅम दाणे पुरतात. ते पोटात आणि पायांत, तेही पिशवी दोन तृतीयांश भरेल इतकेच; डोक्यात फक्त पॉलिस्टरचा कापूस. सगळी मेख इथेच आहे. गच्च भरलेला ससा काठीसारखा ताठ राहतो, थोडा रिकामा ठेवलेला मांडीवर बसतो, मान टाकतो. बहुतेक जण इथेच हात सैल सोडतात आणि ओतत राहतात, म्हणून प्रत्येक पिशवी वजन करूनच भरा.

फरचं कापड उलट्या बाजूनं, कात्रीच्या टोकानं फक्त कापडाची पाठ कापत बेता, नाहीतर शिवणीवर टक्कल पडतं. सगळ्या भागांची लव एकाच दिशेला हवी. शिवणीला 6 मिलिमीटर कापड सोडा, पाठीवर 5 सेंटिमीटर तोंड उघडं ठेवा आणि ते शेवटी हातानं आतून टाके घालून मिटवा. डोळ्यांना बटण किंवा मणी नको, दोऱ्यानं भरा. तरीही तीन वर्षांखालच्या मुलांना दाण्यांचं खेळणं देऊ नये. शिवण उसवली तर दाणा घशात अडकतो. त्यांच्यासाठी पूर्ण कापसाचा ससा वेगळा शिवा.

विकायला काढणार असाल तर आधी हे पाहा: 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. गटातल्या शिवणाऱ्या बायकांची ही नोंदणी गणपतीच्या बाजारासाठी कापड आणण्याआधी करून घ्या.